शेत ते बंदर : वऱ्हाडच्या कापसाची वाट

वेचणी चालू आहे, खेडा खरेदीवाले गावात फिरू लागलेत. पारावर भावाचीच चर्चा. म्हणून आज थोडा इतिहास लिहितो. भाव मुंबईत ठरो की लिव्हरपूलला, त्यातलं आपल्या हाती किती पडतं ते बरंचसं बंदरापर्यंतच्या वाटेवर ठरतं.

रेल्वेच्या आधी अमरावतीकडचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला जायचा. सातशे-आठशे किलोमीटर! तिथून नावेत घालून गंगेतून कलकत्त्याला. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलओझी रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. रुई सैल भरलेली, त्यामुळे वजन कमी अन् जागा जास्त. वाटेत धूळ, वरून अवकाळी. आणि पावसाळ्यात आपली काळी माती काय करते ते तुम्हाला सांगायला नको. मिरगाआधी माल निघाला नाही की अडकलाच. ही सगळी जोखीम व्यापारी आधीच भावातून कापून घेणार, हे उघड आहे.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ लाच सुरू झाली होती, पण पुढे सह्याद्री आडवा. थळघाट फुटला १८६५ ला. नागपूरला रूळ पोचले १८६७ ला, खामगावचा फाटा झाला १८७० ला. युद्ध मात्र १८६५ लाच संपलं. म्हणजे भाव होता तेव्हा वाट अपुरी होती, अन् वाट पुरी झाली तेव्हा भाव पडला होता.

रेल्वेमागोमाग स्टेशनांजवळ जिनिंग-प्रेस उभे राहिले. कारण साधं आहे. कापसात ढोबळमानाने दोन भाग सरकी, एक भाग रुई. सरकी इथंच काढून रुई दाबली की त्याच डब्यात कितीतरी जास्त माल बसतो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपली अडीच फुटी शकुंतला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठीच टाकली. पण मूर्तिजापूरला मोठी लाइन, रुळांची रुंदी वेगळी. गाठी उतरवा, परत चढवा. परत हमाली.

वाहतूक स्वस्त झाली, पण शेतकरी विकायचा कापूस, गाठ नव्हे. गाठ ज्याच्या ताब्यात, वाटेवरची बचत आधी त्याच्या हाती.

आजही तेच बघा. अंगणात माल देताना भाडं, हमाली, घट हे तिन्ही वेगवेगळे मांडून घ्या. मग बाजार समितीचा, जिनिंगचा भाव विचारा आणि चार घरांचा माल एका गाडीत नेला तर काय पडतं ते काढा. फरक दिसला तर गाडी जोडा, नाही दिसला तर अंगणातच द्या. पण हिशेब आपला पाहिजे.

तुमच्या गावचा कापूस पूर्वी कुठल्या स्टेशनला जायचा? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा अन् खाली लिहा.