मोकळे भालाईत

'फ्रीलान्सर' हा शब्द हल्ली मराठीत इतका रुळला आहे, की त्याच्या पोटात एक भाला दडलेला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला. सर वॉल्टर स्कॉटने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीत भाडोत्री स्वारांना 'फ्री लान्सेस' म्हटले. इथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे बरं का! कुणा एका धन्याला न बांधलेला, असा त्याचा अर्थ. पुढे तलवारी-भाले गेले, पण शब्द राहिला आणि तो पत्रकार, चित्रकार, भाषांतरकार अशा मंडळींना चिकटला.

या मोकळेपणात एक अडचण आहे. नोकरदाराची ओळख त्याची कचेरी सांगते. 'अमुक बँकेत आहे' म्हटले की पुढे कुणी काही विचारत नाही. मोकळ्या माणसाला मात्र आपली ओळख आपणच मांडावी लागते. २००३ साली 'लिंक्डइन' सुरू झाले तेव्हापासून ती संगणकावर मांडली जाते, एवढाच काय तो फरक. प्रश्न जुनाच आहे. त्याची दोन जुनी उत्तरे मला आठवतात.

पहिले लिओनार्दो द विंचीचे. १४८२च्या सुमारास, वयाच्या तिशीत, तो फ्लॉरेन्स सोडून मिलानला निघाला. तिथली सत्ता लुडोविको स्फोर्झाच्या हातात होती. त्याच्याकडे काम मागण्यासाठी केलेल्या पत्राचा मसुदा आजही मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात आहे. लिओनार्दो एरवी उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावे लागेल असे लिहायचा. हा मसुदा मात्र सरळ, सुवाच्य अक्षरात आहे. तो त्याने दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतला असावा, असे अभ्यासक मानतात. मला हे फार आवडते. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये, ही पहिली काळजी त्याने घेतली.

आता पत्रात काय आहे ते पाहा. मी अमुक गुरूंचा शिष्य, माझी तमुक चित्रे गाजली, यातले काही नाही. आहेत ती क्रमाने मांडलेली दहा कलमे. हलके पण मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, आवाज न करता खणायची भुयारे, झाकलेले रथ... दहापैकी नऊ कलमे युद्धाची! कारण तेव्हा मिलान फेरारच्या युद्धात व्हेनिसविरुद्ध उतरले होते. लुडोविकोला रात्री झोप कशामुळे लागत नसेल, याचा विचार करूनच लिओनार्दोने लेखणी उचलली होती. शांततेच्या काळातली कामे, म्हणजे इमारती, पाण्याचे कालवे, शिल्पे, ही दहाव्या कलमात येतात आणि चित्रकला त्यातही अगदी शेवटी. त्यानंतर लुडोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा करून देण्याची तयारी. आणि समारोपाला, यातले काही अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत किंवा आपण म्हणाल तिथे करून दाखवतो, असे आव्हान.

यातली बरीचशी यंत्रे त्याने तोवर बनवलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे फुशारकी होतीच. पण 'करून दाखवतो' हे शेवटचे वाक्य त्या फुशारकीला तारण ठेवल्यासारखे आहे.

दुसरे उत्तर आपल्या घराजवळचे. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभारणारा द बॉयन मूळचा सव्हॉयमधल्या शाँबेरीचा. जन्म १७५१चा. फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत, मग रशियनांकडे, पुढे तुर्कांच्या कैदेत, आणि १७७८ साली मद्रासेत. खराखुरा मोकळा भालाईत! तो उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याच्याजवळ वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे होती. आजच्या भाषेत 'रेकमेंडेशन्स', आणि तीही थेट गव्हर्नर जनरलची.

त्याच्या चरित्रात आलेली हकीकत अशी, की महादजींच्या छावणीकडे जाताना त्याचे सामान चोरीला गेले. ते महादजींच्याच सांगण्यावरून, असे म्हणतात. सामान परत मिळाले, पण त्यातली पत्रे काही मिळाली नाहीत. मोठ्या माणसाच्या सहीचा कागद गेला, आता हाती काय उरले? द बॉयनने काय केले, तर महादजींशी लढत असलेल्या गोहदच्या राण्याकडे एक योजना धाडली. इतकी पलटणे अशी उभारतो आणि ग्वाल्हेरचा वेढा असा उठवतो, असा सगळा तपशील त्यात होता. राण्याचा विश्वास बसला नाही. पण ती योजना महादजींच्या कानावर गेली. शत्रूसाठी आखलेली ती मसलत ऐकून या माणसाचे पाणी त्यांनी ओळखले, आणि १७८४ साली दोन पलटणे उभारण्याचे काम त्यालाच दिले. १७९०च्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया त्या कवायती फौजेनेच जिंकल्या. शिफारसपत्रांनी जे झाले नसते, ते एका नेमक्या योजनेने झाले.

हे सगळे आठवायचे कारण माझी नात. ती नोकरी सोडून घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामे करते. दोन महिने एकही विचारणा आली नाही, तेव्हा आपण निर्णय चुकलो की काय, असे तिला वाटू लागले. घरभाड्याची तारीख काही थांबत नाही. तिने आपले पान मला वाचायला दिले. वर लिहिले होते 'उत्साही, मेहनती, भाषाप्रेमी'. खाली पदव्या, आणि 'गुणी मुलगी' अशा छापाच्या चार शिफारशी. मी तिला म्हटले, "अगं, यातली एक ओळ तरी वाचणाऱ्याच्या अडचणीची आहे का?"

मग आम्ही बसून पान बदलले. पहिल्याच ओळीत, औषधांची माहितीपत्रके आणि रुग्णांसाठीच्या सूचना खेड्यातल्या माणसाला कळतील अशा मराठीत आणून देते, असे लिहिले. तिथेच एक नमुना जोडला, मूळ मजकूर आणि शेजारी भाषांतर. हीच तिची बाग. जुन्या गिऱ्हाइकांना तिने विनंती केली, की माझी स्तुती नको, कोणते काम किती दिवसांत केले तेवढे लिहा.

ती म्हणाली, "आजोबा, पण मग मी एवढीशीच वाटेन ना?" तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. स्वतःला एका ओळीत बसवताना जीवाला लागतेच. तेव्हा तिला मी लिओनार्दोचे पुढचे सांगितले. तो मिलानमध्ये १४९९पर्यंत राहिला. तोफांच्या कलमांनी दार उघडले असेलही, पण त्या घोड्यासाठी जमवलेले ब्राँझ १४९४ साली तोफांसाठी दिले गेले आणि मातीचा प्रचंड नमुना १४९९ साली फ्रेंच तिरंदाजांनी नेम धरून फोडला. उरले ते भोजनगृहाच्या भिंतीवरचे 'अखेरचे भोजन', म्हणजे पत्रात शेवटी टाकलेल्या चित्रकलेचे काम.

पान म्हणजे उंबरठा. घरातले सगळे काही उंबरठ्यावर मांडता येत नाही आणि तशी गरजही नसते. पण लिओनार्दोने चित्रकला यादीतून गाळली मात्र नव्हती. नात कवितांचीही भाषांतरे करते. ती तिने काढून टाकायला घेतली होती. मी म्हटले, राहू दे, शेवटी का होईना.