हाताचे ज्ञान आणि यंत्राची आखणी

माणसाचा आवाज म्हणजे हवेचे कंपन. ते कधी चढते, कधी उतरते. मध्येच कोठे तुटत नाही. मायक्रोफोनमध्ये या कंपनाचा विद्युत्प्रवाह होतो, तोही तसाच चढता-उतरता असतो. या नाजूक प्रवाहाला वाढवणाऱ्या, गाळणाऱ्या आणि पुढे धाडणाऱ्या मंडलांना, व्यवहारातील भाषेत सर्किटांना, ‘अॅनॉलॉग’ असे नाव आहे. हिशेब करणाऱ्या संगणकाची मंडले निराळी. त्यांना ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच गोष्टी कळतात. म्हणून ती ‘डिजिटल’, म्हणजे अंकीय. आजच्या खिशातल्या दूरध्वनीत बहुतेक कारभार अंकीय मंडलांचा असला, तरी ज्या दारातून आवाज आत येतो आणि ज्या दारातून बाहेर पडतो, त्या दोन्ही दारांशी अॅनॉलॉग मंडलेच उभी असतात.

ही दोन्ही प्रकारची मंडले सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी नांदतात. तरीही त्यांच्या जन्माची कथा एक नाही. अंकीय चिपवर कोणता घटक कोठे बसवावा आणि कोणती तार कोणत्या वाटेने न्यावी, हे काम १९८० नंतरच्या दशकात संगणकाच्या हाती गेले. अॅनॉलॉग मंडलांची मांडणी मात्र अजूनही बव्हंशी माणसेच करतात. लक्षावधी घटकांची व्यवस्था लावणाऱ्या यंत्राला पंचवीस-तीस घटकांच्या मंडलापुढे का अडावे, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

प्रारंभी सारेच काम हाताचे होते. १९५८ साली जॅक किल्बी यांनी आणि १९५९ साली रॉबर्ट नॉइस यांनी, निरनिराळ्या मार्गांनी, अनेक घटक एकाच तुकड्यावर घडवण्याची कल्पना मांडली. त्यानंतरची कित्येक वर्षे चिपचा नकाशा शेकडो पटींनी मोठा करून कागदावर काढला जाई. मग रुबिलिथ नावाच्या दुपदरी फिल्मवरचा लाल पदर धारदार सुरीने कापून सोलून काढायचा, आणि त्या आकृतीचे छायाचित्र लहान लहान करीत मूळ मापावर आणायचे. १९७१ साली हान्स कॅमेंझिंड यांनी ‘५५५’ या नावाने पुढे जगभर पसरलेले कालमापक मंडल रचले. त्यात जेमतेम दोन डझन ट्रान्झिस्टर होते आणि त्याची मांडणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ४००४ या अंकीय चिपमध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. तिचाही नकाशा हातानेच काढलेला होता. परंतु ही संख्या ज्या वेगाने वाढत होती, त्या वेगाने माणसाची बोटे चालणे शक्य नव्हते.

तारांची वाट शोधण्याचे गणित तोवर तयार झाले होते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी १९६१ साली एक सोपी, पण खात्रीची रीत प्रसिद्ध केली. नकाशावर चौकटींची जाळी आखावी. ज्या चौकटीतून तार निघायची, तिच्या शेजारच्या मोकळ्या चौकटींत १ हा आकडा लिहावा. त्यांच्या शेजारी २, मग ३. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग पसरतो, तसे हे आकडे अडथळ्यांना वळसा घालीत पसरत जातात. मुक्कामाची चौकट लागली, की उतरत्या आकड्यांच्या मागाने परत यावे. तीच सर्वांत जवळची वाट. वाट असेल तर ती सापडणारच, ही या रीतीची थोरवी होय.

घटकांना जागा नेमण्याचा प्रश्न याहून बिकट होता. त्याचे उत्तर धातुशास्त्राच्या बाजूने आले. धातू तापवून सावकाश थंड होऊ दिला, की त्याचे कण आपापली सोयीची जागा शोधून स्थिरावतात. १९८३ साली आय. बी. एम. मधील स्कॉट कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हीच कल्पना गणितात आणली. आधी घटकांची मांडणी धीटपणे उलटीपालटी करावी, बिघडवणारे बदलही चालू द्यावेत, आणि हळूहळू हा सैलपणा कमी करीत आणावा. १९८५ साली बर्कली येथील विद्यापीठातून निघालेल्या ‘टिंबरवुल्फ’ या प्रणालीने ही रीत अंकीय चिपच्या मांडणीसाठी समर्थपणे वापरली.

अॅनॉलॉग मंडलांना मात्र हे गणित पुरेना. अंकीय मंडलात तारेची लांबी वाढली, तर उत्तर थोडे उशिरा येते; पण ‘आहे’चे सहसा ‘नाही’ होत नाही. अॅनॉलॉग मंडलाचे काम सराफाच्या काट्यासारखे आहे. त्याच्या तोंडाशी बहुधा दोन जुळे ट्रान्झिस्टर असतात, तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे. दोहोंतला सूक्ष्म फरक तेवढा वाढवून पुढे पाठवायचा, हे त्यांचे काम. आता ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा, की तपमान एका अंशाने वाढले तर त्याच्या तोंडाशी लागणारा विद्युद्दाब सुमारे दोन मिलिव्होल्टांनी उतरतो. जुळ्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा एक अंश अधिक ऊब लागली आणि मंडल शंभरपट वाढ करणारे असले, तर पारड्यात काहीच न घालता काटा दोनशे मिलिव्होल्टांनी कलतो. आणि ही ऊब येते कोठून? त्याच चिपच्या दुसऱ्या टोकाला जो घटक जोराने काम करीत असतो, त्याच्याकडून. जेम्स सॉलोमन यांनी १९७४ साली लिहिलेल्या विख्यात लेखात हा अंतर्गत उष्णतेचा परिणाम सविस्तर मांडला आहे.

म्हणून जाणता कारागीर हे जुळे उष्णतेच्या उगमापासून समान अंतरावर बसवी. अधिक काटेकोरपणा हवा असेल, तर प्रत्येकाचे दोन भाग करून चार तुकडे चौकोनात तिरपे मांडी, म्हणजे ऊब कोणत्याही बाजूने आली तरी ती दोघांच्या वाट्याला सारखीच येई. उजवीकडची तार एखादे वळण घेई, तर डावीकडचीही तसेच वळण घेई, मग ते वळण अनावश्यक का असेना. निघणारी तार येणाऱ्या तारेजवळून नेली तर मंडल आपोआप शीळ घालू लागते, हेही त्याला ठाऊक असे. यंत्राला जवळची वाट शोधता येत होती. येथे हवी होती ती सारखी वाट. आणि ही सारी समज पुष्कळदा कोठे लिहिलेली नसे. ती गुरूच्या शेजारी बसून शिष्याच्या नजरेत उतरे.

ही समज यंत्राला सांगण्याचा एक महत्त्वाचा यत्न अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. तेथे रॉब रुटेनबार आणि रिचर्ड कार्ली यांच्याबरोबर रमेश हरजानी यांनी अॅनॉलॉग मंडलाची रचनाच संगणकाकडून करवून घेणारी ‘ओएसिस’ ही प्रणाली सिद्ध केली. त्याच ठिकाणाहून १९९१ साली ‘कोअन’ आणि ‘अॅनाग्राम-दोन’ या जोडप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पहिली घटकांना जागा नेमी, दुसरी तारांच्या वाटा आखी. धातूच्या शीतलीकरणाची रीत येथेही होती. पण जुळ्यांनी आरशातल्या प्रतिबिंबासारखे समोरासमोर राहावे, ही अट आता गणितात बांधली होती. उणीव एकच. कोण कोणाचा जुळा, हे माणसाने आधी सांगावे लागे.

ही उणीव लहान नव्हती. सर्व अटी नीट सांगायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात अनुभवी माणूस नकाशाच काढून मोकळा होई. कार्नेगी मेलनच्या या संशोधकांनी १९९८ साली ‘निओलिनिअर’ ही कंपनी काढली आणि २००४ साली ती ‘केडन्स’ या मोठ्या कंपनीने घेतली. हा योगायोग ध्यानी घेण्याजोगा आहे. कारण चिपवरच्या उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्या त्याच सॉलोमन यांनी १९८३ साली स्थापिलेली कंपनी १९८८ साली दुसऱ्या एका कंपनीत मिळून हे केडन्स निर्माण झाले होते. परंतु साधने बाजारात आली, तरी कारागिराच्या हातातला नकाशा सुटला नाही.

पुढचे पाऊल २०१८ साली पडले. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा या संशोधन संस्थेने, माणसाचा हात न लागता चोवीस तासांत चिपचा नकाशा पूर्ण व्हावा, असे ध्येय ठेवून एक योजना हाती घेतली. तिच्यातून टेक्सासमध्ये ऑस्टिन येथील विद्यापीठात ‘मॅजिकल’ आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘अलाइन’ अशा दोन प्रणाली आल्या, आणि दोन्ही सर्वांना खुल्या ठेवण्यात आल्या. अलाइनचे नेतृत्व मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर सचिन सापतणेकर यांच्याकडे होते. आणि तीस वर्षांपूर्वी ओएसिस रचणारे हरजानी याही कामात सहभागी होते. आता माणसाने जुळे दाखवून द्यायचे नव्हते. हजारो जोडण्यांचे जाळे वाचून, हा तराजू, ही त्याची पारडी, हे यंत्राने स्वतः ओळखायचे होते. १९९१ चे यंत्र सांगितलेले पाळत होते. या यंत्राला न सांगितलेले ओळखण्याचा अभ्यास करावा लागला.

या इतिहासाशी भारताचा संबंध केवळ नावांपुरता नाही. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र उघडले. आज बंगळूर, हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे कितीतरी तरुण मुले-मुली पडद्यावर रंगीत पट्ट्या मांडीत दिवसाचे आठ-दहा तास बसतात. सुरीची जागा आता माऊसने घेतली आहे, पण जुळ्यांना समोरासमोर बसवण्याची नजर तीच आहे. नकाशा यंत्र काढू लागले, तर त्यांच्या उपजीविकेचे काय, हा प्रश्न खरा आहे. त्याच्याआड दुसराही एक प्रश्न उभा आहे. ही नजर नकाशा काढता काढताच येते. काढण्याचे काम उरले नाही, तर यंत्राची चूक ओळखणारी नजर कोठे तयार होणार?

साठ वर्षांच्या या वाटचालीत यंत्राने जी जी पायरी चढली, ती कोणीतरी हाताची एखादी मुकी समजूत शब्दांत आणि मग गणितात मांडल्यावरच चढली. तरंगाची वाट, तापलेल्या धातूची स्थिरता, आरशातले जुळे, या सर्वांच्या मागे नीट पाहणारा आणि पाहिलेले सांगणारा माणूस होता. जे अजून सांगितले गेलेले नाही, ते आजही त्या पडद्यांसमोर बसलेल्यांच्या बोटांत आहे. ते त्यांच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी नोंदले गेले, तर यंत्राची पुढची पायरीही त्यांच्याच नावावर राहील.