जुन्नर-आंबेगाव परिसरातील बिनव्याजी देवघेव : उसनवार, पडकई आणि खावटी

जुन्नर परिसरातील पतव्यवहाराचा लिखित पुरावा सातवाहन-क्षत्रप काळापर्यंत मागे जातो. येथील लेण्यांच्या शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे गुंतविलेल्या द्रव्याचाही निर्देश सापडतो. नाशिक येथील उषवदाताच्या लेखात तर विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ आणि १००० कार्षापणांवर शेकडा पाऊण असा दरच कोरलेला आहे. मुद्दल अक्षय राहावे व व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा, ही त्यामागील योजना. तात्पर्य, व्याज ही इंग्रजी अमलाची देणगी नव्हे. मात्र ज्या देवघेवीवर व्याज नव्हते ती ना दगडावर कोरली गेली, ना खतावर चढली. म्हणून इतिहासलेखनात ती सहसा दिसत नाही.

अशा देवघेवीचे साधे रूप म्हणजे उसनवार. पायलीभर धान्य नेले तर पायलीच परत करावयाची. सावकाराच्या वाढीदिढीत हेच धान्य सुगीला दीडपट होऊन परत जात असे. या दोन मापांतील अंतर हेच खेड्यातील शेजार आणि बाजार यांमधील अंतर होते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाने श्रमाचीही अशीच उसनवार केली. तिला पडकई म्हणतात. डोंगरउतारावर भातखाचरे पाडण्याचे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. म्हणून सर्वांनी मिळून आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे खाचर पाडावयाचे. घरधन्याने जेवण द्यावे आणि दिवसाची फेड दिवसानेच करावी.

परंतु सरकारी सारा रोखीत भरावा लागे व रोख रक्कम शेजाऱ्याकडेही नसे. तेथे सावकाराची गरज भासली. १८७३ च्या सुमारास जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले याने टोळी उभारून सावकारांवर छापे घातले. तो स्वतः खाऊनपिऊन सुखी घरातील होता, ही बाब लक्षणीय आहे. १५ जुलै १८७६ रोजी तो पकडला गेला. दरम्यान १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव होऊन कर्जखते जाळली गेली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने न्यायालयास व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला; पावसाळ्यात चूल कशी पेटावी या प्रश्नास मात्र त्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर खावटीच्या रूपाने शोधले गेले. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झाले. त्याची खरी स्पर्धा व्यापाऱ्याच्या उचलीशी होती. हिरड्याच्या बोलीवर घेतलेल्या उचलीस कागदोपत्री व्याज नसते. ते मालाच्या पडत्या भावात आधीच वसूल झालेले असते. बिनव्याजी म्हणविणाऱ्या प्रत्येक व्यवहारात भाव कोणी ठरविला, हे प्रथम पाहावे लागते. २०१३ नंतर खावटी थांबली. २०२० मध्ये कोरोनाच्या संकटात ती एका वर्षापुरती, कुटुंबामागे ४००० रुपये, परंतु पूर्ण अनुदान म्हणून देण्यात आली. अनुदान उपकारकच, तरीही ते कर्ज नव्हे, आणि पुढच्या आषाढात पुन्हा मागता येईल अशी पत त्यातून निर्माण होत नाही.

२०२१-२२ पासून वेळेवर फेडलेल्या ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर शून्य टक्के व्याज आकारले जाऊ लागले. वस्तुतः व्याज असतेच, ते शासन भरते. पूर्वेकडील बागायती गावांना याचा लाभ सुलभपणे घेता येतो, कारण तेथे नावावर सातबारा आहे. पश्चिमेकडील ज्या कुटुंबाची जमीन सामाईक खात्यात किंवा वनहक्काच्या दाव्यात अडकली आहे, त्यास शून्य टक्क्याचाही उपयोग नाही.

पडकईचे स्वरूपही पालटले. शाश्वत या संस्थेच्या प्रयत्नांतून ती रोजगार हमीच्या कामांशी जोडली गेली. संस्थेस २०१२ चे इक्वेटर पारितोषिक मिळाले. खाचरे वाढली, मजुरी हाती आली. हजेरीपटावर नोंदलेल्या दिवसाची फेड आता शासन करते. शेजाऱ्याकडे दिवस उसना राहत नाही.