पर्यावरण अभ्यास : पदवीपलीकडच्या वाटा

पदवीच्या कोणत्याही शाखेत शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय परिचित असतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेल्या अभ्यासक्रमामुळे हा विषय सर्व शाखांना सक्तीचा झाला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी सिद्ध केले. तथापि, शेवटच्या आठवड्यात कसाबसा पूर्ण केलेला एक प्रकल्प, एवढीच या विषयाची आठवण बहुतेकांजवळ उरते. याच विषयात पुढे शिक्षण घ्यायचे ठरवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणि त्याच्या पालकांपुढे मात्र खरे प्रश्न उभे राहतात. कोणती पदवी घ्यावी, अनुभव कोठे मिळेल आणि अखेरीस नोकरी मिळेल का?

मागणी कोठून येते?

या क्षेत्रातील रोजगाराचा पाया कायद्यांनी घातला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये, जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ मध्ये व वायुप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ मध्ये आला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा संमत झाला. त्याच कायद्याखाली १९९४ मध्ये आणि नंतर सुधारित स्वरूपात २००६ मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाची अधिसूचना निघाली. मोठे धरण, खाण, महामार्ग वा कारखाना उभारण्यापूर्वी परिणामांचा अहवाल तयार करणे त्यामुळे बंधनकारक झाले. हे अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांनाच करता येतात आणि त्यांच्याकडे हवा, पाणी, ध्वनी, जैवविविधता, भूजल, घनकचरा अशा विषयांचे स्वतंत्र तज्ज्ञ असावे लागतात.

अलीकडच्या काळात यात एका नव्या क्षेत्राची भर पडली. ‘सेबी’ने २०२१ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरणीय व सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणे सक्तीचे झाले. ऊर्जेचा वापर, पाणी, कचरा आणि कार्बन उत्सर्जन यांचा हिशेब ठेवू शकणाऱ्या तरुणांना त्यामुळे कंपन्यांत स्थान मिळू लागले.

पदवी निवडताना घ्यावयाची काळजी

बारावीनंतर थेट पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करावी, की वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र वा भूशास्त्रात पदवी घेऊन पदव्युत्तर पातळीवर पर्यावरणाकडे वळावे, हा पहिला निर्णय होय. वरवर पाहता पहिली वाट जवळची वाटते. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेची पात्रता वाचल्यावर चित्र बदलते. या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. अथवा कृषी, वानिकी वा अभियांत्रिकीची पदवी लागते. पर्यावरणशास्त्राचा या यादीत समावेश नाही. त्यामुळे केवळ पर्यावरणशास्त्र शिकलेला, जंगलावर मनापासून प्रेम करणारा विद्यार्थी वनसेवेच्या उंबरठ्यावरच अडू शकतो. पर्यावरणशास्त्राची पदवी घ्यायचीच असेल, तर तिच्या जोडीला यादीतील एखादा विषय पदवीपत्रकात राहील, याची खातरजमा प्रवेशाच्या वेळीच करावी. पदवी हाती आल्यानंतर ही चूक सुधारणे फार महाग पडते.

अध्यापन व संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी वाट तुलनेने सरळ आहे. ‘नेट’ परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. अभियांत्रिकीच्या ‘गेट’ परीक्षेतही २०२१ पासून पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीची वेगळी प्रश्नपत्रिका असते.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि अमरावती विद्यापीठ येथे पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र, तर आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून याच कामाला वाहिलेली आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘इकॉलॉजिकल सोसायटी’चा नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील अभ्यासक्रम उपयुक्त ठरतो. वास्तुविशारद, अभियंते व शेतकरीही अशा वर्गांत एकत्र बसू शकतात, हे त्याचे वैशिष्ट्य.

मुंबईत पवई येथील आयआयटीमध्ये पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग असून तेथील एम.टेक.साठी ‘गेट’चे गुण लागतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामानबदल, शाश्वतता व जलधोरण यांचा सामाजिक अंगाने अभ्यास होतो. कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही हे दार खुले आहे. नागपूरची ‘नीरी’ ही १९५८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था प्रामुख्याने संशोधनासाठी ओळखली जाते.

राज्याबाहेरील संधी

वन्यजीवशास्त्रात रस असणाऱ्यांसाठी दोन अभ्यासक्रम विशेष मानाचे समजले जातात : डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २००४ मध्ये सुरू झालेली वन्यजीवशास्त्र व संवर्धन विषयातील एम.एस्सी. दोन्हीकडे जागा अगदी थोड्या असतात आणि प्रवेश साधारणतः एक वर्षाआड होतात. पदवीचे शेवटचे वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष जुळत नसेल, तर मधले वर्ष एखाद्या संशोधन प्रकल्पात घालवणे श्रेयस्कर.

डेहराडूनच्याच वन संशोधन संस्थेला १९९१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असून तेथे वानिकी व पर्यावरण व्यवस्थापन शिकवले जाते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत ‘कॅट’मार्फत प्रवेश होतो. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात केंद्रीय सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे, तर ‘टेरी’च्या अभिमत विद्यापीठात स्वतंत्र प्रक्रियेने प्रवेश मिळतो. प्रा. माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये आकारास आलेले भारतीय विज्ञान संस्थेचे परिसरशास्त्र केंद्र हे पीएच.डी.साठी देशातील अग्रगण्य केंद्र होय. विधी पदवीधरांसाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पर्यावरण कायद्यातील पदविका आहे. घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव

या क्षेत्रात गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, वजन प्रत्यक्ष अनुभवाला असते. त्याचे कारण साधे आहे. नदीच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि नाल्याच्या संगमापूर्वी व संगमानंतर उभे राहून तो घेणे वेगळे. सांडपाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, अर्थात बीओडी, मोजण्यासाठी भारतीय मानकानुसार नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. प्रक्रिया केलेले पाणी नदीत सोडताना सर्वसाधारण मानकानुसार ही मात्रा लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. नमुना घेताना हयगय झाली, तर पुढचा सारा अहवाल खोटा ठरतो. ही शिस्त प्रयोगशाळेत व काठावर काम करूनच अंगी बाणते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी देशातील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीकडे आवर्जून लक्ष ठेवावे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते. विद्यावेतन व रेल्वे प्रवासाचा खर्चही मिळतो. यासाठीचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात भरावे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर धावपळ करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

दिल्लीचे विज्ञान व पर्यावरण केंद्र धोरण व लेखनाची आवड असणाऱ्यांना उमेदवारीची संधी व अल्पमुदतीचे प्रशिक्षण देते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रासारखे छोटे अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या व्यक्तीला करता येतात. पाणलोट विकासात पुण्याची ‘वॉटर’, भूजलात ‘अ‍ॅक्वाडॅम’ आणि ग्रामविकासात ‘बाएफ’ या संस्थांचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. सागरी पर्यावरणासाठी गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, तसेच महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाशी निगडित कांदळवन प्रतिष्ठान यांच्याकडे विचारणा करता येते.

उमेदवारी स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : काम नेमके कोणते, मार्गदर्शक कोण, विद्यावेतन आहे का, जमवलेली माहिती प्रबंधासाठी वापरता येईल का आणि क्षेत्रभेटीत विम्याची सोय आहे का. केवळ प्रमाणपत्रासाठी शुल्क आकारणाऱ्या ठिकाणांपासून दूर राहावे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा झाल्यास वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक असते. ती मिळण्यास वेळ लागतो. म्हणून प्रबंधाचा विषय ठरताच अर्ज करणे इष्ट.

खर्चाविना मिळणारी कौशल्ये

अनेक कौशल्ये अत्यल्प खर्चात आत्मसात करता येतात. नकाशे तयार करण्यासाठी ‘क्यूजीआयएस’ ही संगणक प्रणाली विनामूल्य आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ पद्धतीने मोफत अभ्यासक्रम चालवते आणि ‘स्वयम्’वरील व्याख्यानांनाही शुल्क नाही. शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला टेकडीवरील किंवा तळ्याकाठच्या पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर नियमित करता येतात. वर्षभराच्या काटेकोर नोंदी मुलाखतीत बरेच काही सांगून जातात.

परदेशी शिक्षण व शिष्यवृत्त्या

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठ, इंग्लंडमधील केंट विद्यापीठाची ड्युरेल संस्था व स्वीडनमधील लुंड विद्यापीठ ही या विषयातील नामांकित केंद्रे होत. युरोपीय महासंघाची इरॅस्मस मुंडस, ब्रिटनची चेव्हनिंग व राष्ट्रकुल आणि जर्मनीची ‘डाड’ या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करता येतो. यांपैकी काहींना पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

वास्तवाचे भान

पर्यावरण क्षेत्रातील सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो आणि स्वयंसेवी संस्थांतील प्रारंभीचे वेतन माफकच असते. सल्लागार कंपन्यांत वेतन त्या मानाने बरे. पण प्रकल्पाच्या बाजूने अहवाल लिहिण्याचा दबाव येण्याचा संभव तेथे असतो. अशा वेळी हाती असलेल्या आकडेवारीशी प्रामाणिक राहणे हीच या व्यवसायाची खरी कसोटी. त्या अहवालावर एखाद्या गावाचे पाणी किंवा एखाद्या डोंगराचे भवितव्य अवलंबून असते, याची जाणीव ठेवूनच विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात पाऊल टाकावे. पात्रता, जागा व परीक्षांचे वेळापत्रक दरवर्षी बदलू शकते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी संबंधित संस्थेचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचणे अगत्याचे आहे.