मेपलचा रस चढावर कसा चढला?

कॅनडाच्या राष्ट्रध्वजावरचे लाल पान मेपलचे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. या झाडाच्या रसापासून पाक करतात, हेही काहींनी वाचलेले असते. पण पाक होण्याआधी एक साधे, कष्टाचे काम उरते. जंगलात विखुरलेल्या शेकडो झाडांचा रस चुलीपर्यंत आणायचा कसा? आणि चूल जंगलापेक्षा उंचावर असेल तर?

आधी या ओझ्याचा अंदाज घेऊ. शर्करा-मेपलच्या रसात साखर साधारण 2 टक्केच असते. उसाच्या रसाशी तुलना केली तर ते जवळजवळ पाणीच. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातले रसायनशास्त्रज्ञ सी. एच. जोन्स यांनी 1946 मध्ये एक ठोकताळा दिला: 86 या संख्येला साखरेच्या टक्केवारीने भागा, जे उत्तर येईल तितके लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. म्हणजे 2 टक्क्यांच्या रसाला 43 लिटर! खोडांना हजार छिद्रे पाडलेल्या जंगलातून चांगल्या दिवशी चार हजार लिटर, म्हणजे चार टन रस निघतो. तोही हिवाळा सरताना, रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते अशा मोजक्या आठवड्यांत. पायाखाली गुडघाभर बर्फ असते आणि रस ठेवला तर नासतो, म्हणून तो शक्यतो त्याच दिवशी उकळावा लागतो.

ईशान्य अमेरिका व कॅनडातील अनिशिनाबे, अबेनाकी आदी मूलनिवासींनी हा प्रश्न सरळ सोडवला होता. हंगामात त्यांचा मुक्कामच मेपलच्या रानात हलत असे. बर्चच्या सालीच्या भांड्यांत रस धरायचा आणि जवळच आटवायचा. रसाने चुलीकडे जाण्याऐवजी चूलच रसाकडे येई. युरोपीय वसाहतवाल्यांनी ही विद्या त्यांच्याकडूनच घेतली. पुढे मोठ्या कढया आल्या, पक्की भट्टी आली, तिच्यावर छप्पर आले. त्या इमारतीला तिकडे ‘शुगरहाऊस’ म्हणतात. आपण गुऱ्हाळच म्हणू. गुऱ्हाळ एका जागी बसले आणि रसाची वाहतूक सुरू झाली. झाडाला टांगलेल्या बादल्या रिकाम्या करत हिंडायचे, तो रस बैल किंवा घोडे ओढत असलेल्या घसरगाडीवरच्या टाकीत ओतायचा. जाणता माणूस गुऱ्हाळ उताराच्या पायथ्याशी बांधी. भरलेली गाडी उतरणीला, रिकामी चढणीला!

उतार आहे तर गाडी तरी कशाला, नळीच टाकू, हा विचार जुनाच आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम ब्रोवर यांनी 1916 मध्ये तारेवर टांगलेल्या पत्र्याच्या नळ्यांच्या व्यवस्थेचे पेटंट घेतले. कल्पना चांगली होती, पण धातूची नळी वाकत नाही, सांध्यांतून गळते आणि आतला रस गोठला की पंचाईत होते. खरा बदल झाला तो प्लास्टिकमुळे. 1950 नंतर व्हर्मांटचे नेल्सन ग्रिग्ज आणि न्यूयॉर्कचे जॉर्ज ब्रीन यांनी स्वतंत्रपणे लवचीक नळ्यांची जाळी तयार केली. ग्रिग्ज यांना 1959 मध्ये पेटंट मिळाले. झाडापासून बारीक नळी, तिच्यापासून मोठी नळी, तिच्यापासून टाकी. बादली गेली.

नळी बंदिस्त झाल्यावर तिच्यातली हवा काढून पाहण्याची कल्पना सुचणे साहजिक होते. व्हर्मांट विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात जेम्स मार्विन आणि फ्रेड लेइंग यांनी त्याचा अभ्यास केला. खोडाच्या आतला दाब आणि नळीतला दाब यांच्यातला फरक वाढला की रस अधिक येतो. पाऱ्याच्या प्रत्येक इंचामागे, म्हणजे नळीतला दाब सुमारे 25 मिलिमीटरने उतरला की, उत्पादन साधारण पाच ते सात टक्क्यांनी वाढते. शेतकऱ्यांनी यासाठी काय वापरले? गायींचे दूध काढण्याच्या यंत्रांचे जुने पंप! गोठा आणि मेपलचे रान अनेकदा एकाच मालकाचे असे.

आता चढाचा प्रश्न. पक्का रस्ता आणि वीज पुष्कळदा टेकडीवर असते आणि झाडे खालच्या घळीत. मग वर निर्वात पंप लावला की रस आपोआप ‘ओढला’ जाईल ना? इथे पाठ्यपुस्तकातला जुना धडा आडवा येतो. चोषक पंप पाणी सुमारे दहा मीटरपलीकडे चढवत नाही, याची नोंद गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथात आहे. त्याचे कारण टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीतून 1644 च्या सुमारास उलगडले. पंप पाणी ओढत नाही. बाहेरची हवा त्याला वर ढकलते आणि तिची ताकद 760 मिलिमीटर पारा किंवा 10.3 मीटर पाणी इतकीच असते.

मेपलवाल्याची अडचण याहून बिकट आहे. समजा, पंपाने वरच्या टोकाला दाब वातावरणापेक्षा 635 मिलिमीटरने कमी केला. रस पाच मीटर चढवायचा तर त्या स्तंभालाच सुमारे 368 मिलिमीटर लागतात. खाली झाडांच्या वाट्याला उरतात 267. चढ जिंकला, पण झाडांकडचा रस कमी झाला! गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर द्यावे.

यावर शोधलेली युक्ती मला फार आवडते. मोठी नळी चढाच्या पायथ्याशी आली की तिला अनेक बारीक उभ्या नळ्या जोडतात. याला ‘रसाची शिडी’ म्हणतात. झाडातून रसाबरोबर वायूचे बुडबुडेही येतात. बारीक नळीत बुडबुडा रसाला ओलांडून जाऊ शकत नाही. रसाचा तुकडा, बुडबुडा, पुन्हा रसाचा तुकडा अशी गाडी वर चढते. स्तंभ अखंड द्रवाचा नसल्याने हलका होतो आणि तितक्याच उंचीला दाबाचा खर्च कमी पडतो. मात्र शिडी रात्री गोठते आणि सकाळी लवकर मोकळी होत नाही. शिवाय खारींनी कुठे नळी कुरतडली की निर्वातपणा गेला. (खारींना हा छंद का, देव जाणे.)

चढ मोठा असेल तर शिडीने भागत नाही. मग पंपच खाली नेतात, जसे आपले शेतकरी खोल विहिरीत मोटर खाली उतरवतात. वरून चोषण्याला दहा मीटर ही मर्यादा आहे, खालून ढकलण्याला नाही. पंप जितका दाब देईल तितकी उंची. आत निर्वात आणि बाहेर वातावरण, अशा स्थितीत रस टाकीत सोडायला झडपांची एक पेटी लागते. तीही दूधधंद्यात आधीपासून वापरात होती.

या पंपाला खर्च किती? चार हजार लिटर रस 30 मीटर चढवायला 4000 × 9.8 × 30, म्हणजे सुमारे 12 लाख ज्यूल. एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ऊर्जा. पंपातली घट धरली तरी एक युनिट पुरे. तोच रस उघड्या कढईत आटवायला मात्र 2,900 युनिटांइतकी उष्णता लागते! म्हणून 1970 नंतर उकळण्यापूर्वीच पाणी गाळून काढणारी व्यस्त परासरणाची यंत्रे आली. चढाचे दुखणे ऊर्जेचे नव्हतेच. ते बर्फाचे, अंतराचे आणि गोठण्याचे होते.

गोठण्याचे दुखणे अजून आहे. 25 मिलिमीटर व्यासाच्या 200 मीटर नळीत सुमारे 100 लिटर रस मावतो. पंप थांबल्यावर तो आत राहिला तर रात्रीत नळीभर बर्फ होते. म्हणून ही नळी मध्ये कुठेही झोळ न पडता सलग चढती बांधतात आणि संध्याकाळी खालची झडप उघडतात. दिवसभर चढवलेल्या रसातला शेवटचा शंभर लिटर उताराने परत खालच्या टाकीत येतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत तिथेच थांबतो.