मोटार, मीठ आणि हिवाळा

मोटार किती दिवसांनी धुवावी? प्रश्न अगदी घरगुती वाटतो. परंतु उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागात त्याचे उत्तर ऋतूनुसार बदलते. ते का बदलते हे पाहू गेल्यास रसायनशास्त्राचा एक धडा तर मिळतोच, शिवाय विसाव्या शतकाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित प्रकरणही हाती लागते.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेच व्हार्निशाचे थर देत असत. ते वाळायला कित्येक आठवडे लागत. गाडी धुणे म्हणजे या नाजूक रंगावरचा चिखल हलक्या हाताने काढणे. १९१४ साली डेट्रॉइट शहरात मोटारींची 'लाँड्री' निघाली. तेथे गाड्या हाताने ढकलत पुढे नेत आणि माणसे त्या धूत. हिवाळ्यात मात्र अनेक मालक गाडी बंदच करून ठेवीत, कारण बर्फाने रस्ते अडलेले असत.

पुढे मोटार ही बारमाही गरज बनली आणि रस्ते मोकळे ठेवणे भाग पडले. आधी राख आणि वाळू पसरत. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे ५,००० टन मीठ रस्त्यांवर पडले. आज हा आकडा वर्षाला एक कोटी टनांच्या वर आहे. योगायोग असा, की मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइटच्या पोटातच, सुमारे साडेतीनशे मीटर खोल, प्राचीन समुद्राने मागे ठेवलेल्या मिठाचे प्रचंड थर आहेत. तेथील खाणीचे मीठ रस्त्यांवर जाते.

मिठाचा गुण साधा आहे. शुद्ध पाणी ० अंश सेल्सियसला गोठते, तर मिठाचे २३ टक्के द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहते. रस्ता निसरडा होत नाही, अपघात टळतात, माणसे वाचतात. पण जो गुण रस्त्याला उपकारक, तोच पोलादाला घातक. कडाक्याच्या थंडीतही गाडीच्या तळाशी खारट ओल टिकून राहते.

ही ओल काय करते, हे केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबाच्या साहाय्याने दाखवले. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर खारट पाण्याचा थेंब ठेवला, की थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पडतो. परिणामी मध्यभागी लोखंड विरघळू लागते, तेथून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे वाहतात आणि ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. दोहोंच्या मध्ये गंजाचे कडे उमटते. म्हणजे गंजणे ही एक लहानशी विद्युतघटमालाच! मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि ही घटमाला जोरात चालते. शिवाय हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतील बाष्प ओढून स्वतःच ओले होते.

आता ऋतूंचा हिशेब मांडता येईल. हिवाळ्यात मीठ पडत असेपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी गाडी धुणे हिताचे. पण तापमान शून्याच्या वर असेल असा दिवस निवडावा, नाहीतर दारे आणि कुलपे गोठतात. धुवायचे ते छत नव्हे, तर तळ आणि मडगार्डची आतली बाजू. गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते. म्हणून मिठाने माखलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवणे हे बाहेर ठेवण्यापेक्षा वाईट ठरू शकते. वसंतात बर्फ सरला की उरलेले मीठ काढण्यासाठी एकदा तळ कसून धुवावा. उन्हाळ्यात प्रश्न असतो तो रंगाचा: पक्ष्यांची विष्ठा, किडे, झाडांचा चीक. हे डाग मात्र दिसताक्षणी पुसावेत.

कारखानदारांनीही उपाय केले. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या संशोधनातून गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने कोपऱ्याकोपऱ्यांत लेप बसवण्याची पद्धत आली. पुढे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे सर्रास वापरात आले. लोखंडाऐवजी जस्त आधी झिजते. त्यामुळे आजच्या गाड्या पूर्वीइतक्या लवकर सडत नाहीत.

पण धुतलेले मीठ जाते कुठे? ते नष्ट होत नाही. ओढ्यांत, तलावांत, भूजलात उतरते. उत्तर अमेरिका आणि युरोपातील ३७१ गोड्या पाण्याच्या तलावांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या काठची थोडीशी जमीनही रस्ते आणि फरसबंदीखाली गेली आहे, अशा उत्तर अमेरिकी तलावांत क्षार वाढत जाण्याचा धोका त्यात दिसून आला. वाहनचालकाचा जीव, गाडीचा पत्रा आणि तलावातले जीव या तिघांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आज तेथील नगरपालिकांपुढे आहे. मीठ मोजून टाकणे किंवा बर्फ पडण्यापूर्वीच रस्त्यावर खारे पाणी फवारणे असे मार्ग त्या वापरत आहेत.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकावे लागत नाही. पण मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रावरचा वारा ते काम करतोच. पावसाळ्यात वरचा पत्रा आपोआप धुतला जातो. जेथे पावसाची धार पोहोचत नाही त्या आडोशाच्या जागी मीठ साचून राहते. वर्गात याची प्रचीती सहज देता येईल. घासून स्वच्छ केलेले चार सारखे खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून काढावेत. दोन लगेच साध्या पाण्याने धुवावेत, दोन तसेच ठेवावेत. प्रत्येक जोडीतील एक खिळा ओलसर कापसावर उबदार जागी आणि दुसरा तसाच फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर रोज निरीक्षणे नोंदवावीत. कोणता खिळा आधी तांबूस होईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घ्यावा.