मुंबई ते लंडन विमानाने किती तास लागतात? कुर्डुवाडीहून घर कधी सोडावे?

मुलगा किंवा मुलगी लंडनला, आई-वडील कुर्डुवाडीत. तिकीट व्हॉट्सॲपवर येते आणि पहिला प्रश्न पडतो, नेमके किती तास लागणार? चला, जाणून घेऊया.

अंतर किती आहे?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने ८ तास लागायला हवेत, पण प्रत्यक्षात जाताना ९.५ ते १० तास किंवा थोडे जास्तही लागतात. कारण विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात आणि एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर वळसा घ्यावा लागतो. चढताना-उतरताना वेगही कमी असतो.

येताना वेळ कमी का लागतो?

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास बहुतेक वेळा तासभर तरी लवकर संपतो.

तिकिटावर साडेपाच तासच का दिसतात?

तिकिटावर नेहमी त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात (मार्च अखेर ते ऑक्टोबर अखेर) साडेचार तास मागे असते. समजा, जूनमध्ये विमान दुपारी २ वाजता सुटले आणि १० तास उडाले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १२ वाजलेले असतील, पण लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसातच!

कुर्डुवाडीहून एकूण वेळ किती?

कुर्डुवाडी ते मुंबई रेल्वेने सुमारे ३७५ किलोमीटर आहे. सोलापूरहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीने साधारण ७ तासांत दादर गाठता येते. तिथून विमानतळ एक तास धरा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी ३ तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यात एक-दोन तास जातात. मधली वाट पाहणे धरले तर घर ते घर २४ ते २६ तास लागतात.

सर्वात मोठी चूक कोणती?

तारीख! तिकिटावर "१५ तारीख, रात्री ००:३०" असे असेल, तर ती १४ तारखेची मध्यरात्र असते. १४ ला रात्री ९:३० पर्यंत विमानतळावर पोहोचायला हवे. १५ ला रात्री गेलात तर विमान केव्हाच गेलेले असते. म्हणजे कुर्डुवाडी १३ च्या रात्री किंवा फार तर १४ च्या सकाळी सोडावी लागते. गाडी उशिरा धावू शकते, म्हणून आदल्या रात्रीची गाडी जास्त सुरक्षित.

आणखी एक गोष्ट: आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. हे पाहूनच दादरला उतरायचे की आधी, ते ठरवा.

घरातील कोणी पहिल्यांदाच परदेशी निघाले असेल, तर ही माहिती त्यांना नक्की पाठवा.